खणीवरच्या गल्लीचा धूर

"आवं, जरा दमानं उचला, बाभळीचं हाय ते," दगडाबाई म्हणाली आणि आकाराम कारकुनाचा हात मोळीवर तसाच थांबला.

मोळी दोरीनं आवळून त्यानं ताणकाट्याच्या आकड्यात अडकवली होती. मोळीच्या पोटातून बैलगाडीच्या जुवाचा एक तुकडा बाहेर डोकावत होता. हातभर लांब, काळाभोर, मधोमध खुंटीचं भोक. हा तुकडा आकारामनं त्या सकाळी चौथ्यांदा बघितला होता. पहिल्या घरात तो मोळीच्या तळाशी होता, दुसऱ्या घरात वर होता, तिसऱ्या घरात त्याच्यावर कुणीतरी पोतं टाकलं होतं. तिन्ही घरांत वजन चौदा किलो भरलं होतं. इथं काटा साडेतेरावर थांबला. मधल्या वाटेत एखादं ढलपं गळालं असावं.

"साडेतेरा," तो म्हणाला.

"लिवा की मग," दगडाबाईनं पदर सारखा करत सांगितलं.

त्यानं वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या दाराकडं वळला. मागच्या बोळातून दोघीतिघींची लगबग ऐकू आली. सहज मागं बघितलं तर दगडाबाईच्या अंगणातली मोळी गायब. तो पाचव्या घराच्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत ती तिथं हजर होती, आणि घरातली बाई धापा टाकत, पण चेहऱ्यावर काहीच न दाखवता म्हणत होती, "या की, कवाची वाट बगतुय." आकारामनं ओठ दाबून हसू आवरलं. चौदा नव्हे, पुन्हा साडेतेरा.

हा आकाराम नगरपालिकेच्या जकात नाक्यावरचा कारकून. आष्ट्याकडच्या रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या खोलीत त्याची बावीस वर्षं गेलेली. गुळाच्या ढेपा, हळदीची पोती, मिरचीची बारदानं, सगळं त्याच्या काट्यावरून गावात शिरायचं. नुसत्या डोळ्यानं तो पोत्याचं वजन सांगायचा आणि काटा त्याला दुजोरा द्यायचा. 'जे काट्यावर ते कागदावर' हा त्याचा नेम. त्या नेमापायी त्याचं नाव कधी वाईट झालं नाही, तसं ते कधी कुणी घेतलंही नाही. कचेरीत तो बोलला तरी कुणी मान वर करत नसे, आणि बोलला नाही तरी कुणाच्या लक्षात येत नसे.

अठ्ठ्याण्णव साल नुकतंच उजाडलं होतं. परदेशात कुठंतरी जगाचा धूर कमी करायला मोठी सभा भरली होती म्हणे. त्याचं वारं फिरत फिरत पुण्याच्या एका संस्थेपर्यंत आलं आणि तिथून थेट आमच्या या कृष्णाकाठच्या नगरपालिकेत. संस्थेच्या पूजा मॅडम सरकारी विश्रामगृहावर उतरल्या आणि त्यांनी जाहीर केलं की या गावाचा धूर मोजायचा. कचऱ्याच्या ट्रकचं डिझेल, पाण्याच्या मोटारींची वीज, रस्त्यावरचे दिवे, यांचे आकडे कचेरीतल्या कागदांवरच मिळाले. उरल्या घरोघरच्या चुली. एक किलो लाकूड जाळलं की जवळजवळ पावणेदोन किलो कर्बवायू हवेत जातो, असं मॅडमनी फळ्यावर लिहून दाखवलं. म्हणजे लाकूड मोजलं की धूर मोजला. आज सरपण किती, उद्या सकाळी उरलं किती, वजाबाकी केली की जळालं किती ते कळतं. मोजणीनंतर गावात दोनशे निर्धूर चुली बसवायच्या, धुराड्याच्या नळीसकट, फुकट. अशा चुलीत लाकूड कमी लागतं आणि धूर कौलाबाहेर जातो.

काटा घेऊन दारोदार हिंडायला बाकीच्या कारकुनांना पाठदुखी, लग्नकार्य आणि कोर्टाच्या तारखा आडव्या आल्या. आकारामला काहीच आडवं आलं नाही. त्याच्या वाट्याला ज्या गल्ल्या आल्या त्यांतली शेवटची ही खणीवरची. मुरमाच्या जुन्या खणीच्या कडेला अकरा घरं. बाया उसाच्या रानात मजुरीला जायच्या, पुरुष मिळेल त्या कामाला.

पहिल्याच दिवशी त्यानं बायांना चुलीचं सांगितलं होतं. दगडाबाई त्यांच्यात वडीलधारी, साठीची. धुरानं तिच्या डोळ्यांच्या कडा कायमच्या लाल झालेल्या. तिच्या सुनेला चार महिन्यांचं मूल होतं, ते आतल्या अंधारात खोकायचं.

"नळीवाली चूल खरंच मिळंल न्हवं?" दगडाबाईनं विचारलं होतं.

"मोजणीत नाव आलं की मिळंल, मावशी."

"मंग मोजा. आमी काय नगं म्हनतुय व्हय."

आणि मग रोज ती एकच मोळी अकरा घरं फिरली. मोळी दगडाबाईची, शेजारणी तिच्यात आपापल्या परीनं भर घालायच्या. बुधवारी सहाव्या घरात तिचं वजन आदल्या दिवशीपेक्षा चार किलोंनी वाढलं. आकारामनं विचारलं तर त्या घरची बाई म्हणाली, "मालकानी आनलं काल सांच्याला." काट्यावर होतं ते आकारामनं कागदावर लिहिलं.

शनिवारी कचेरीत बैठक झाली. नगराध्यक्ष वीरधवलराव खुर्चीत, भोवती अभियंता आणि चार-पाच सभासद, टेबलाच्या टोकाला पूजा मॅडम हिशेबाचं यंत्र घेऊन. आकाराम भिंतीला टेकून उभा. मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"या खणीवरच्या गल्लीत काहीतरी चुकलंय. घर नंबर सहा, वजा चार किलो. म्हणजे लाकूड जळायच्या ऐवजी रात्रीत वाढलं?"

"आमच्याकडं जमीनच काळी हाय, मॅडम," वीरधवलराव म्हणाले. "लाकूडसुद्धा उगवतं."

सगळे हसले. आकारामला त्या वेळी 'वही पुन्हा तपासतो' एवढं म्हणता आलं असतं. तेवढं म्हणून तो नाक्यावर परत गेला असता आणि या कथेत सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"साहेब," तो म्हणाला, "त्या गल्लीत धूर चुलीत परत जातो."

हास्याचा असा गडगडाट झाला की बाहेरचा शिपाई सिद्धू आत डोकावला. बावीस वर्षांत आकारामच्या बोलण्यावर कुणी असं हसलं नव्हतं. त्याच्या अंगात काहीतरी संचारलं. त्यानं जुवाची गोष्ट सांगितली, बोळातली धावपळ सांगितली, धापा टाकत 'या की' म्हणणारी बाई सांगितली. शेवटी खिशातला रुमाल डोक्यावर पदरासारखा घेतला, कमरेवर हात ठेवला आणि दगडाबाईच्या घोगऱ्या, धुरानं बसलेल्या आवाजात म्हणाला, "आवं, जरा दमानं उचला, बाभळीचं हाय ते!"

वीरधवलरावांनी टेबलावर थाप मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आरं आकाराम, तू बोलतूस व्हय रं! एवढी वर्सं कुठं दडवला हुतास हा गुण?"

नगराध्यक्षांना आपलं नाव ठाऊक आहे हे आकारामला त्या दिवशी कळलं. सिद्धूनं चहा आणला आणि पहिला कप त्याच्या हातात दिला. खरं सांगायचं तर त्या पाच मिनिटांइतकं सुख त्याला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

पूजा मॅडम तेवढ्या हसल्या नव्हत्या. लाल पेननं त्यांनी अकरा ओळींवर एक सरळ रेघ ओढली. "मग हे आकडे धरता येणार नाहीत. ही गल्ली नमुन्यातून काढते."

"काढा की," वीरधवलराव डोळे पुसत म्हणाले.

नमुन्यात नाही त्या घराला चूल नाही. हे आकारामला ठाऊक होतं, पण डोक्यात शिरलं ते खाली येऊन सायकलचं कुलूप काढताना. तो हात थबकलेला तसाच उभा राहिला. मग स्वतःशीच म्हणाला, बघू, सोमवारी बोलू मॅडमशी, आणि पायडल मारलं. ओठांवर अजून थोडं हसू होतं.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार. आकाराम पिशवी घेऊन भाजीच्या रांगेत शिरला. दोन पाट्यांपलीकडं दगडाबाई वांगी निवडत होती. भाजीवाली तिला म्हणाली, "काय दगडाबाई, आज जू कुनाच्या मुक्कामाला?" शेजारचा कांदेवाला खिदळला. त्यानं मान वाकडी केली, कमरेवर हात ठेवला आणि घोगऱ्या आवाजात ओरडला, "आवं, जरा दमानं उचला, बाभळीचं हाय ते!" आजूबाजूची पाच-सात माणसं हसली. त्यांनाही ती गोष्ट माहीत होती. सिद्धूच्या तोंडात तीळ भिजत नसे. कचेरीतून निघालेली गोष्ट एका रात्रीत गावभर झाली होती.

आकारामनं ऐकला तो दगडाबाईचा आवाज नव्हता. ती त्यानं स्वतः कचेरीत केलेली नक्कल होती. 'बाभळीचं' या शब्दावर त्यानं हसवायला म्हणून जो हेल काढला होता तो मूळ बाईच्या बोलण्यात नव्हताच, आणि कांदेवाल्यानं नेमका तोच उचलला होता.

दगडाबाईनं मान वर केली आणि तिला समोर आकाराम दिसला. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं शिवी दिली असती, चार माणसांत त्याची अब्रू काढली असती तर बरं झालं असतं. तिनं ओच्यातली वांगी एक एक करून परत ढिगावर ठेवली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि गर्दीतून निघून गेली. आकारामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला वाटलं, आपण कपडे काढून बाजारात उभे आहोत आणि लोक आपल्याकडं न बघता भलत्याच बाईकडं बघून हसताहेत.

तो रिकामी पिशवी घेऊन घरी आला. तानुबाई, त्याची बायको, तांदूळ निवडत होती. पिशवीकडं बघून तिनं विचारलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. नकलेचं सांगताना त्याची जीभ अडखळली, पण सांगितलं.

तानुबाईचा हात सुपात थांबला. "वन्संना बगाय पावनं आलं हुतं, तवाचं तुमीच मला सांगितलंसा की."

बस्स, एवढंच ती बोलली. पुढचं त्याचं त्याला आठवलं. आटपाडीकडचं त्याचं गाव, उघडं माळरान, सरपण म्हणजे तिथं सोनं. सोयरिकीला आलेले पाहुणे आधी दारातलं सरपण बघायचे, मग मुलगी. दारात शेणी, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, रचलेल्या असल्या की घरात गुरं आहेत, लाकूड असलं की रान आहे, असा त्यांचा हिशेब. बहिणीला बघायला आले त्या सकाळी त्याच्या आईनं चार घरच्या शेणी उसन्या आणून दारात रचल्या होत्या, आणि पाहुण्यांनी वेस ओलांडल्यावर पाटीपाटीनं ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या होत्या. शेजारच्या बायांनी जन्मात त्याची कुणाकडं वाच्यता केली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीवर बहिणीचं लग्न झालं, संसार झाला, नातवंडं झाली. आणि आपण काय केलं? चहाच्या एका कपासाठी अकरा घरांची मूठ उघडून दाखवली.

सोमवारी तो विश्रामगृहावर गेला. मॅडमच्या टेबलावर तक्ते पसरलेले होते.

"ती गल्ली पुन्हा मोजू द्या, मॅडम."

"या वेळी खरं दाखवतील?"

"दाखवतील. चूक त्यांची नव्हती. माझी होती."

"शुक्रवारी यादी पक्की करायचीय. तीन दिवस देते."

मंगळवारी सकाळी काटा खांद्यावर टाकून तो गल्लीत शिरला तशी दारं लागत गेली. कडी लावल्याचा आवाज एका घरातून, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दगडाबाईचं दार तेवढं उघडं होतं. ती उंबऱ्यावर बसली होती. आत सून मुलाला थोपटत होती.

"मावशी, चुकलो मी," तो म्हणाला.

"हसलासा त्याचं काय न्हाई," दगडाबाई म्हणाली. "गरिबाला समदीच हसत्यात. पर तुमी माजा आवाज काडलासा. रुमाल घेतलासा म्हनं डोसक्यावर."

मग दुबळा माणूस करतो तेच त्यानं केलं, स्वतःचं दुःख पुढं काढलं. आईची गोष्ट सांगितली, शेणी, पाहुणे, बहीण, सगळं. वाटलं, हिला कळेल की आपणही यांच्यातलेच. दगडाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमाला ठावं हुतं," ती म्हणाली.

आकारामनं मान खाली घातली. न कळून केलं असतं तर एक वेळ माफी असते. त्याला कळत होतं, तरीही त्यानं केलं होतं, आणि हे त्या बाईनं चार शब्दांत त्याच्या पदरात टाकलं.

"ते जू न्हाई आता," ती पुढं म्हणाली. "बाजारातनं आले आन् घातलं चुलीत. आमच्या मालकाच्या गाडीचं हुतं. बैलं गेली, गाडी गेली, मालक गेलं, तेवढं ठिवलं हुतं. दोन दिस पुरलं. त्याचा धूर लिवा तुमच्या वहीत."

आत मूल खोकलं. खोकल्याची उबळ बराच वेळ थांबेना. दगडाबाई उठली.

"पोराच्या छातीत घरघर हाय. त्याच्यापायी करतुय हे, तुमच्यासाटी न्हाई." आणि तिनं गल्लीत हाक दिली, "बायांनो, उगडा दारं. खरं काय जळतंय ते आना भाईर. झाकून आता काय ऱ्हायलंय?"

दारं उघडली. दगडाबाईनं अंगणात गोणपाट अंथरलं आणि दिवसाचं जळण त्याच्यावर आणून ठेवलं. मूठभर चिपाडं. उसाचं पाचट. शेवरीच्या काटक्या. सायकलच्या टायरचा तुकडा. एक तुटकी रबरी चप्पल. तिनं चप्पल ठेवली आणि नजर दुसरीकडं वळवली.

आकारामनं गोणपाटाची चार टोकं बांधून गाठोडं आकड्यात अडकवलं. काटा जागचा हलला नाही. नाक्यावर पोती तोलायचा ताणकाटा तो, त्याला एवढ्या हलक्या वजनाची सवयच नव्हती. त्यानं गाठोडं काढून पुन्हा अडकवलं. तरी नाही.

"हालत न्हाई व्हय?" दगडाबाईनं विचारलं. मग समोरच्या घराकडं वळून म्हणाली, "त्यास्नी तुजी भाजीची तागडी दे गं. उसनी."

'उसनी' हा शब्द तिनं टोमणा म्हणून वापरला नव्हता. आकारामनं ती तागडी दोन्ही हातांनी घेतली. चिपाडं पाऊण किलो. पाचट पाव किलो. काटक्या अर्धा किलो. बाकीचं मिळून पाव. तो लिहायला लागला तशी ती म्हणाली, "मोठ्यानं वाचा. कचेरीत सांगितलंसा तसं."

त्यानं वाचलं. 'चप्पल एक' म्हणताना त्याचा आवाज फाटला. अंगणात दहा बाया उभ्या होत्या, कुणी हसलं नाही. मग त्या एकेक करून आपलं गोणपाट घेऊन आल्या आणि आकाराम प्रत्येकीचं मोठ्यानं वाचत गेला. तीन दिवस असं चाललं. प्रत्येक घरात काय जळतं ते प्रत्येक घराला कळलं. खरं तर ते सगळ्यांना आधीच माहीत होतं, फक्त कधी कुणी त्याचं वजन केलं नव्हतं.

शुक्रवारी तो वही घेऊन मॅडमसमोर उभा राहिला. त्यांनी पानं उलटली आणि यंत्रावर बोटं फिरवली.

"आकडे खरे आहेत," त्या म्हणाल्या. "बघितलं की कळतं."

"मग चुली?"

मॅडमनी दुसरा तक्ता पुढं ओढला. गावातल्या मोजलेल्या घरांचा, जास्त जाळणाऱ्यापासून कमी जाळणाऱ्यापर्यंत. वरच्या पेठेतली मोठी घरं पहिल्या पानावर होती. तिथं नुसत्या अंघोळीच्या बंबालाच दिवसाला वीस-बावीस किलो लाकूड लागायचं. खणीवरची अकरा घरं शेवटच्या पानाच्या तळाशी होती. अकरांचं मिळून पेठेतल्या एका बंबाएवढं भरत होतं.

"दोनशे चुली वरून खाली वाटत यायच्या आहेत. जिथं जास्त जळतं तिथंच जास्त वाचणार. इथं," त्यांनी शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं, "वाचवण्यासारखं काही नाहीच."

"पण मॅडम, धूर तर त्यांच्याच डोळ्यांत जातोय. पोराच्या छातीत जातोय."

"माहीत आहे मला." मॅडमनी चष्मा काढला. त्याही ओशाळल्या होत्या, हे आकारामला दिसलं. "गावानं हवेत किती सोडला ते मोजायला मला पाठवलंय. घरात किती राहिला त्याचा रकाना या तक्त्यात नाही. मी पुण्याला लिहीन. पण यादी आजच जातेय."

यादी गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच आकारामला वाटलं की प्रत्येक आकड्यापुढं एकेक पूज्य लावलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण ते सुचायलाही उशीर झाला होता. आधी गल्लीची लाज त्यानं कचेरीत नेऊन विकली होती. मग तीच लाज भरपाई म्हणून त्यांच्याच हातांनी अंगणात मांडायला लावली होती. आणि आता त्यांना द्यायला हातात काही नव्हतं.

जावं की न जावं, असं करत तो शनिवारी दुपारी गेला. दगडाबाई चुलीपुढं होती. घरभर धूर कोंडला होता, कौलांच्या फटीतून हळूहळू बाहेर पडत होता. त्याला बघून ती फुंकणी घेऊनच दारात आली.

"कवा बसवत्यात?"

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, तक्ता, पेठेतले बंब, शेवटचं पान. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. तो थांबल्यावर दगडाबाईनं विचारलं, "म्हंजे समद्या गावात आमचा धूर कमी?"

"व्हय, मावशी. सगळ्यात कमी."

"कागदावर लिवलंय तसं?"

"लिहिलंय."

ती थोडा वेळ फुंकणी हातात फिरवत राहिली. मग समोरच्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "ऐकलंस का गं, आपला धूर समद्या गावात कमी हाय म्हनं." तिकडून उत्तर आलं नाही. समोरची तागडीवाली अजून भाजी विकून आली नव्हती.

आत चुलीत टायरचा तुकडा पेटला असावा. काळ्या धुराचा लोट दारातून बाहेर आला आणि थेट आकारामच्या तोंडावर. त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते धुराचंच होतं असं त्यालाही सांगता आलं नसतं. दगडाबाई पुढं झाली. पदराचं टोक धरून ती त्याच्या तोंडासमोरचा धूर वारायला लागली.

"हिकडं सरा," ती म्हणाली. "तुमास्नी सवय न्हाई."